दोऱ्याखालची चीर

गडहिंग्लज,
२० नोव्हेंबर

चि. बाळ,


परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, बॅगपाइपच्या मधल्या ड्रोनवर हा काळा दोरा कशाला गुंडाळलाय? इथले शिकवणारे म्हणतात, सोडून बघू या." मी घाईघाईनं नको म्हटलं आणि तेवढ्यात फोन कटला. नंतर वाटलं, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. दोरा सोडू नका. त्याच्याखाली लाकडाला चीर आहे आणि ती माझ्या हातून पडलेली आहे.

मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो तेव्हा पाइपर व्हायचं मनातसुद्धा नव्हतं. एका सकाळी परेड संपवून येताना झाडाखाली पाइप बँडचा सराव चाललेला ऐकला आणि माझे पाय तिथंच थांबले. हा बाजा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या पलटणींबरोबर आपल्याकडं आला. १८९७ साली वायव्य सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत, दर्गईच्या चढावर, गॉर्डन हायलँडर्सचा पाइपर जॉर्ज फिंडलेटर दोन्ही पायांना गोळ्या लागून उभा राहू शकेना, तर बसून वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यातच सांगितली गेली. गुरखा, शीख, गढवाली, मराठा, सगळ्यांनी तो बाजा उचलला आणि आपला केला. गढवालात तर तो आता लग्नाच्या वरातीत वाजतो. तिथं त्याला मशकबीन म्हणतात.

तू म्हणालीस, वर्गातल्या मुलांना वाटतं की भारतातल्या मुलीला हे वाद्य परकं असणार. त्यांना माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली गोष्ट सांग. मी सुट्टीवर आलो होतो, बाजा बरोबर होता. मांडवात सनई वाजवायला आलेल्या म्हाताऱ्या बुवांनी माझा चँटर, म्हणजे बोटांनी वाजवायची नळी, हातात घेतला, रीड उपसून काढली, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "अरे, ही तर आपलीच पत्ती, जरा जाड!" खरंच आहे ते. सनईत जशा दोन पात्या एकमेकींवर थरथरतात, तशाच चँटरच्या रीडमध्ये बोरूच्या दोन पात्या असतात. मग त्यांनी तिन्ही ड्रोन न्याहाळले आणि शेजारी बसलेल्या, नुसता सूर धरणाऱ्या आपल्या पोराकडं बोट केलं. "मला एक सूर धरायला माणूस लागतो, तू तीन खांद्यावर घेऊन फिरतोस." पिशवीला हात लावून म्हणाले, "आणि हे माझे गाल." सनईवाला श्वास घेताना गालातली हवा पुढं ढकलत राहतो. आपण तेच काम डाव्या कोपराखाली दाबून करतो. इतक्या थोडक्यात हा बाजा मला त्यापूर्वी कुणी समजावून दिला नव्हता.

तुला पेटीवर सारेगम येतं, म्हणून स्वरांचं सांगतो. चँटरवर नऊच स्वर आहेत. 'लो ए'ला सा धर. मग वर सा, रे, ग, म, प, ध, कोमल नी आणि वरचा सा. खाली आणखी एक कोमल नी. म्हणजे आपला खमाज थाट. दोन टेनर ड्रोन मंद्र षड्ज धरतात, बास ड्रोन त्याच्याही खालचा. शुद्ध नी या बाजात सहजी मिळत नाही, त्यासाठी हट्ट करू नकोस.

आणि आवाज मध्येच थांबवता येत नाही, कमी-जास्तही करता येत नाही. सनईवाला जिभेनं स्वर तोडतो. आपली जीभ रीडपर्यंत पोचतच नाही, मध्ये पिशवी आहे. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर दोहोंच्या मधे दुसऱ्या स्वराचा निसटता कण घ्यावा लागतो. शिकणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती नक्षी नव्हे, तो त्या बाजाचा उच्चार आहे. म्हणूनच वर्षभर नुसत्या प्रॅक्टिस चँटरवर बोटं घासायला लावतात, त्याचा कंटाळा करू नकोस. स्काय बेटावर मॅक्रिमन नावाचं पाइपरांचं घराणं होऊन गेलं. त्यांच्याकडं पिब्रॉख नावाच्या मोठ्या रचना कागदावरून शिकवत नसत, बोल म्हणून शिकवत. त्या बोलांना कॅन्टरॅख्त म्हणतात. तबल्याचे बोल आधी तोंडानं म्हणतात ना, तसंच. तूही चाल आधी म्हण, मग बोटं ठेव.

आता चिरेकडं येतो.

उत्तरेतल्या एका थंड ठाण्यावर माझा पहिला हिवाळा. हा शिसवी बाजा मी पगारातून पैसे साठवून मेरठहून विकत आणलेला, जेमतेम तीन महिन्यांचा. त्या दिवशी दोन तास वाजवलं. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ आत जाते, थंड लाकडाला लागून तिचं पाणी होतं. ड्रोन आतून ओले झाले होते. पुसायला हवे होते. बोटं गारठली होती, मी कंटाळा केला. बराकीत बुखारीची शेगडी पेटलेली होती, तिच्याशेजारी ड्रोन वाळायला उभे केले आणि झोपलो. रात्री 'टच्' असा आवाज झाला. इतका बारीक, की बाकी कुणाला जागसुद्धा आली नाही. मला कळलं.

आतलं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं आणि बाहेरचं धगीनं आकसलेलं. ती ओढाताण कुठंतरी सुटणारच. चीर करंगळीएवढी होती. सकाळी फुंकलं तर त्या ड्रोनमधून नुसता फुसफुसाट.

शेजारच्या पलटणीत एक गढवाली पाइपर होता, माझ्या दुप्पट वयाचा. त्याच्याकडं घेऊन गेलो. तो रागावला नाही. चिरेत पातळ सरस भरला, दाबून धरला, दोन दिवस सावलीत ठेवला. मग चपला शिवताना दोऱ्याला लावतात ते काळं मेण सुती दोऱ्याला चोळलं आणि वेढ्याला वेढा चिकटवत, ताणून, चिरेच्या अर्धा इंच अलीकडून अर्धा इंच पलीकडपर्यंत गुंडाळत गेला. शेवटी गाठ मारली नाही, टोक वेढ्यांच्या खालून ओढून घेतलं. तीच गुंडाळी तू आज बघतेयस. तीस वर्षं त्या ड्रोननं षड्ज सोडला नाही. माझेच दात गेले, फुंकणीवरची पकड सुटली, म्हणून बाजा तुझ्या बॅगेत आला.

तेव्हा बाळ, वाजवून झालं की पाच मिनिटं स्वतःची समजू नकोस, ती बाजाची. तिन्ही ड्रोन, फुंकणी आणि चँटर आतून कोरड्या कापडानं पुसून घे. रीड उघड्यावर वाळू दे. पिशवीचं तोंड मोकळं ठेव. खोलीतल्या हीटरपाशी बाजा कधीही ठेवू नकोस, तुमच्याकडच्या घरांत तीच बुखारी आहे. सांध्यांवरचा दोरा ओल्या हवेत फुगतो. सांधा घट्ट वाटला तर जोर न करता एक-दोन वेढे काढ.

हे फक्त लाकडासाठी सांगत नाही. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१६ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापली. एकसष्ट वर्षांचा गृहस्थ, रोज बॅगपाइप वाजवणारा, वर्षानुवर्षं खोकला आणि धाप. तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, बाजा घरी राहिला, तर त्याला बरं वाटू लागलं. शेवटी बाजा तपासला तेव्हा पिशवीत आणि नळ्यांत बुरशी सापडली. तोवर फुप्फुसं गेली होती, २०१४ साली तो वारला. आपण त्या पिशवीत नुसता श्वास सोडत नाही, तिच्यातली हवा आपल्याकडंही येते. तुझ्या आजीला हे सांगू नकोस, ती बाजा परत मागवेल.

पुढच्या ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर पाइप बँडची जागतिक स्पर्धा असते, तिला जा. रिंगणात बँड येतात तेव्हा ड्रमचे दोन रोल, मग सगळे पाइप एकदम 'ई'वर, म्हणजे आपल्या पंचमावर, उघडतात. ते बघण्यासारखं असतंच. पण त्याआधी मैदानाच्या कडेला जा, जिथं बँड सूर जुळवत उभे असतात. एकेकाच्या चँटरच्या भोकांवर काळी चिकटपट्टी केसभर खाली-वर करतात, ड्रोन अर्ध्या सुतानं लांबवतात. दोन सुरांत आधी लाट येते, ती लांब लांब होत जाते आणि मग नाहीशी होते. तिथं फोन लावून वर धर. स्पर्धा नाही ऐकवलीस तरी चालेल, मला ते ऐकव.

चिरेवरच्या दोऱ्याला महिन्यातून एकदा मेण चोळ. पाकिटात एक वडी घातलीय.

तुझा,
आबा