चारशेचा रोल

म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी सात वाजता उजळतो. जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात आणि पाऊण तासाने विझतात. इथे पोस्टिंग आल्यावर मी ओळीने तीन रविवार तिथे गेलो आणि तीन प्रकारचे रोल वापरून पाहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, फोन आहे ना तुझ्याकडे?"

आहे. पण वीस वर्षांपूर्वीचा एक हिशेब राहिला होता.

तेव्हा मी काश्मीरमध्ये एका पोस्टवर होतो. कॅमेऱ्यात शंभर एएसएचा रंगीत रोल होता. दाणा बारीक, रंग छान, म्हणून घेतलेला. डोंगर सुरेख आले. एका रात्री बंकरमध्ये कंदिलाच्या उजेडात सातारकडचा एक नाईक चहा ओतता ओतता खळखळून हसला. मी बटण दाबलं. शटर एक अष्टमांश सेकंद उघडं राहिलं आणि माझा हात हलला.

दोन महिन्यांनी तो गेला. पुढे त्याच्या पत्नीने विचारलं, "साहेब, हसतानाचा एखादा फोटो आहे का? घरात सगळे ताठ उभे राहिलेलेच आहेत." आहे म्हणालो, आणि निगेटिव्ह भिंगाखाली धरली. चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा होता.

चारशेच्या फिल्मला शंभरच्या एक चतुर्थांश उजेड पुरतो. तेव्हा ती असती तर एक तीसांश सेकंदात काम झालं असतं.

म्हणून राजवाड्यासमोर मी कमानींपेक्षा माणसांचे चेहरे टिपले. एक्टार 100 ला ट्रायपॉड लागला, आणि तोवर माणसं हलली. गोल्ड 200 वर सगळे पिवळेजर्द आले. इलफर्डची कृष्णधवल एचपी5 प्लस मी सोळाशेवर वापरली आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली. दाणा मोठा दिसतो, सावल्या काळ्याकुट्ट होतात, पण चेहरा हाती लागतो. एरवी चारशेवर काढली की डी-76 मध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटं. नळाचं पाणी कोमट असतं, म्हणून बादलीत बर्फ टाकतो.

हे गावही कृष्णधवल चित्रांचं. टी. एस. सत्यन (1923–2009) इथलेच. साध्या माणसांचे फोटो काढत त्यांनी आयुष्य घालवलं, 1977 मध्ये पद्मश्री मिळाली. घाट चढून गेलं की उटी. तिथे हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात आपली 'इंदू' फिल्म बनायची. आता ती बनत नाही. रोल परदेशातून येतात, महाग पडतात.

तरी फ्रिजमध्ये पाच रोल आहेत, सगळे चारशेचे.

गेल्या रविवारी दिव्यांखाली एक निवृत्त सुभेदार साहेब भेटले. वहिनी काहीतरी बोलल्या आणि ते हसले. दोघांची प्रिंट काल पोस्टाने पाठवली.

तुमच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील तर ओल लागू देऊ नका. एकदा उजेडासमोर धरून पाहा. कुणाच्या तरी घरी त्यातल्या एका चेहऱ्याची वाट पाहत असतील.