दोन मिलिमीटर

सेकंडहँड फियाट पालिओ घेतली तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पार्ट मिळतात का हिचे?"

"मिळतात की," मी म्हणालो. थाप होती.

2001 साली पालिओ आली तेव्हा मी बालवाडीत. जाहिरातीत सचिन होता. 1.6 लिटरच्या मॉडेलला सुमारे शंभर बीएचपी, छोट्या गाडीच्या मानाने दांडगं इंजिन. आणि ती बनायची आपल्या कुर्ल्यात. माझी गाडी आता वीस वर्षांची आहे. जीव शाबूत, पण चाकं गंजलेली.

मला सोळा इंची अलॉय हवे होते, काळपट राखाडी. गणित मी करून ठेवलं होतं. जुने टायर 175/65 आर14, नवे 195/45 आर16. बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, म्हणजे स्पीडोमीटर बिघडणार नाही. फक्त टायरची भिंत 114 मिलिमीटरवरून 88 वर येणार होती. आरेच्या रस्त्यावर रोज खड्डे मोजणाऱ्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं.

पण खरी गोची वेगळीच होती. चाकाच्या चार बोल्टांच्या मधून जे वर्तुळ जातं, त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा तो 100 मिलिमीटर. पालिओचा 98.

दुकानदार म्हणाला, "दो एमएम से क्या होता है, बॉस?" आणि बोल्ट बसलेही! मला वाटलं, राउंडिंग एरर.

दोन दिवसांनी बाबांना घेऊन आरेतून पवईला निघालो. स्टिअरिंग थरथरत होतं. मी गाण्याचा आवाज वाढवला. बाबांनी तो बंद केला. "टकटक ऐकू येतेय. थांब."

पुढच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट बोटांनी फिरत होता. प्रत्येक बोल्ट मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेला. तो तिरका होऊन आवळला जातो, घट्ट वाटतो, पण त्याची बैठक नीट बसलेलीच नसते. मग खड्डे त्याला हळूहळू सैल करतात. हे सगळं मी आधी वाचलं होतं. वाचून टॅब बंद केली होती.

बाबांनी पाना मागितला, चारही चाकं आवळली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ऑफिसात पण असंच काम करतोस का?"

पवई राहिली. वीसच्या स्पीडने गोरेगावला परत आलो. वाटेत मी दोनदा उतरून बोल्ट तपासले.

वॉबल बोल्ट नावाचा उपाय आहे. त्याची कॉलर सरकते आणि तो एक मिलिमीटर सांभाळून घेते. पण त्या चाकांवर आता माझाच भरवसा उरला नव्हता.

रविवारी आम्ही दोघं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानांत हिंडलो. चौथ्या दुकानात एका सिएनाचे चौदा इंची अलॉय सापडले. ओरखडे होते, डिझाइनही जुनाट. बाबांनी पिशवीतून स्टीलची फूटपट्टी काढली. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मापलं आणि पट्टी माझ्यासमोर धरली.

अठ्ठ्याण्णव.

नवी चाकं बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. माझं ऑफिस निर्लॉनमध्ये, घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पन्नास काही लवकर होत नाहीत. रोज संध्याकाळी दार उघडताच बाबा विचारतात, "किती झाले?"

पाना चपलांच्या स्टँडवर ठेवलेला असतो.