शहर उठले, चर्च राहिले

गोव्याला गेलेली आपली माणसे बहुतेक समुद्र पाहूनच परत येतात. आम्ही परभणीच्या तीन कुटुंबांनी मात्र मुलाबाळांसह एक दिवस जुन्या गोव्यासाठी राखून ठेवला. पणजीहून बसने दहाएक किलोमीटर गेले की मांडवी नदीच्या काठी हे गाव लागते. चर्च पाहायला तिकीट नाही, त्यामुळे खिशाला भार पडत नाही.

येथील से कॅथेड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. पोर्तुगीजांनी ते १५६२ साली बांधायला घेतले आणि १६१९ मध्ये बांधकाम संपले. लांबी सुमारे ७६ मीटर. आत पाऊल टाकताच लहान मुलेसुद्धा हळू बोलू लागली. बाहेर आल्यावर त्यांनीच विचारले, "मनोरा एकाच बाजूला का?" पूर्वी दोन होते. १७७६ साली एक पडला, तो पुन्हा बांधला गेला नाही. त्याआधीच, १७५९ साली, व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला होता आणि शहर ओस पडत चालले होते. १८४३ साली राजधानीही रीतसर पणजीला गेली.

फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रललाही एकच मनोरा आहे. १४३९ साली पूर्ण झालेला हा मनोरा १४२ मीटर उंच. त्याचा जोडीदार बांधलाच नाही. पण तेथे चर्चभोवतीचे शहर आजही भरलेले आहे. जुन्या गोव्यात चर्च राहिले आणि शहर उठून गेले.

असे का झाले? डचांमुळे पोर्तुगीजांचा व्यापार खालावला, हे एक कारण. दुसरे कारण रोगराईचे. १५४३ साली येथे पटकीची मोठी साथ आली आणि पुढेही साथी येतच राहिल्या. जमीन सच्छिद्र, सांडपाण्याची सोय नाही. घाण विहिरींत झिरपत असे. बाजूच्या बॉम जेझस चर्चचा जांभा दगड उघडाच आहे. त्याची भोके पाहिली की पाणी कसे झिरपत असेल ते मुलांनाही कळते.

वाचकहो, आपल्या वस्तीत कमानीसाठी वर्गणी निघते. निघावीही. पण नालीच्या अर्जावर सह्या करायला किती घरे पुढे येतात? सोन्याच्या वेदीचे शहर घाण पाण्यापुढे टिकले नाही. गोव्याला गेलात तर मुलांना हा पडलेला मनोरा अवश्य दाखवा आणि परत आल्यावर आपल्या नळाशेजारची नालीही त्यांच्यासोबत एकदा पाहा.