बँकेचा ओटा

आमच्या गावच्या पेठेतील बँकेची जुनी इमारत आजही उभी आहे. मात्र ती ओळखायची तर मान वर करून पाहावे लागते. खाली सगळी काच. वर फलकामागून काळ्या दगडाची कमान अर्धीमुर्धी डोकावते. त्या कमानीखालच्या ओट्यावर माझी आई दर महिन्याला बसत असे.

बांधकाम स्वातंत्र्यापूर्वीचे. हातभर जाडीच्या भिंती, पाच पायऱ्यांचे जोते, आत छातीइतका उंच सागवानी काउंटर आणि त्यावर जाळी. लहानपणी मला तेथे पोलीस चौकीत आल्यासारखे वाटे. पुढे कळले, की त्या काळी ठेवीदाराला धीर देणारे दुसरे फारसे काही नव्हते. १९६० साली पालई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्या. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, तोही आरंभी दीड हजार रुपयांपर्यंतच. तोवर दगड हीच हमी. आमच्या आजोबांनी खाते उघडण्यापूर्वी भिंतीवर मूठ आपटून पाहिली होती म्हणे. (भिंत पक्की असूनही बँक बुडू शकते, हे त्यांना कोण सांगणार?)

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि व्यापाऱ्यांच्या त्या पायऱ्या हळूहळू इतरेजनही चढू लागले. वडील गेल्यावर आईही चढली, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी. ती अंगठा उठवत असे. पितळी बिल्ला मुठीत धरून, नंबर पुकारला जाईपर्यंत ओट्यावर थांबावे लागे; कधी दोन-दोन तास. तेथेच एका निवृत्त गुरुजींनी स्लिपच्या कोऱ्या बाजूवर तिला तिचे नाव गिरवायला लावले. पाचव्या-सहाव्या महिन्यात तिने सही केली. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने तीच सही पुन्हा करून दाखविली.

पुढे संगणक आले, जाळी निघाली, काउंटर कंबरेपर्यंत उतरला, सागवानाच्या जागी सनमायका आला. नंतरच्या नूतनीकरणात जोते फोडून उतार केला, ओट्याच्या जागी एटीएमची खोली झाली. मला हळहळ वाटली. पण गुडघे धरलेल्या आईला त्या पाच पायऱ्यांवरून दोघांनी उचलून न्यावे लागे, हेही मी पाहिले होते. उतार तिला मनापासून आवडला.

हयातीच्या दाखल्यासाठी तिला शेवटचे नेले, तेव्हा टेबलावर एक छोटे यंत्र होते.

"आजी, यावर अंगठा ठेवा."

"पेन द्या की साहेब. मला सही येते."

"सही नाही लागत आता."

कष्टाने झिजलेल्या रेषा यंत्राला चटकन वाचता येईनात. तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला. बाहेर पडताना ती एटीएमपाशी थबकली आणि काचेवर हात टेकून म्हणाली, "गुरुजी इथंच बसायचे."