तीन वाजता बदक येते

आमची ही गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. घरात एकट्याने बसू नये म्हणून लेकीने आग्रह धरला, आणि २०२२ च्या डिसेंबरात मी स्वीडनमधील उप्साला गावी जाऊन पोचलो. बर्फाची तयारी करून गेलो होतो. पण २४ डिसेंबरला शेजारच्या आजींनी नाताळच्या जेवणाला बोलावले, तेव्हा लेकीने जी तंबी दिली, तिची तयारी मात्र नव्हती.

"बाबा, तीन वाजता टीव्हीवर बदक येतं. तेव्हा कुणाशी बोलू नका हं!"

मला थट्टा वाटली. आजींकडे गेलो, तो पावणेतीनलाच सूर्य मावळतीला टेकलेला. टेबलावर नाना पदार्थांचा थाट मांडला होता. पण तीनच्या ठोक्याला आजींनी लहानथोर सर्वांना टीव्हीपुढे नेऊन बसवले.

हे बदक म्हणजे डोनाल्ड डक. तिकडे त्याला काल्ले आंका म्हणतात. डिस्नेने १९५८ साली आपल्या व्यंगपटांचे तुकडे जोडून नाताळासाठी तासाभराचा कार्यक्रम केला होता. अमेरिकेत तो मागे पडला. स्वीडनने १९६० च्या सुमारास जो उचलला, तो आजतागायत सोडलेला नाही. त्या काळी त्या देशात टीव्हीची वाहिनी एकच, आणि तीवर असले व्यंगपट एरवी क्वचितच दिसत. वर्षातून एकदा मिळणाऱ्या करंजीसारखे त्यांचे अप्रूप! आता वाहिन्या उदंड झाल्या. तरी एक कोटीच्या त्या देशात लाखो माणसे त्या घटकेला तेच तुकडे पाहत बसतात. १९८२ साली फर्डिनांड बैलाचा तुकडा काढून दुसरा घातला, तर अशी ओरड झाली, की पुढच्या नाताळात बैल मुकाट्याने गोठ्यात परतला.

हा बैल झुंजीला न जाता झाडाखाली फुले हुंगत बसतो. तो दिसताच आजी खळखळून हसल्या, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिले.

"आजोबा इथंच हसायचे," लेक कानात म्हणाली.

निवेदकाचा आवाज बेंग्ट फेल्डराइख यांचा. ते २०१९ साली वारले. आवाज मात्र दरसाल तीन वाजता हजर!

परतीच्या वाटेवर हॅम्बुर्गला भाच्याकडे उतरलो. ३१ डिसेंबरची संध्याकाळ. तिथेही टीव्हीपुढे बैठक! यंदाचा खेळ 'डिनर फॉर वन'. १९६३ साली हॅम्बुर्गमध्येच चित्रित केलेला, अठरा मिनिटांचा, आणि गंमत अशी की इंग्रजी. १९७२ पासून जर्मन लोक तो दर वर्षअखेरीस पाहतात. खुद्द इंग्लंडात कितीतरी वर्षे त्याचे नावही फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

नव्वदीची मिस सोफी वाढदिवसाला चार मित्रांना जेवायला बोलावते. चौघेही केव्हाच देवाघरी गेलेले. म्हातारा बटलर प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन त्या त्या पाहुण्याच्या वतीने पेला रिता करतो, आणि येता-जाता वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. तो अडखळण्याआधीच भाचा हसू लागे. मीही पोट धरून हसलो. मग सहज त्या चार खुर्च्यांकडे लक्ष गेले, आणि उप्सालाची आजी आठवली.

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे रेडिओवर कीर्तन लावण्याचा रिवाज. उटण्याचा वास घरभर दरवळत असे. नरकासुर मेला, की ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "चला, आता फराळ!" ती गेल्यावर आलेल्या दिवाळीत मी रेडिओला हात लावला नव्हता.

२०२३ च्या दिवाळीत पहाटे उठलो. कीर्तनाची एक जुनी ध्वनिफीत शोधून लावली. यथाकाल नरकासुर मेला. स्वयंपाकघरात सामसूम होती.

मी मोठ्याने म्हणालो, "चला, आता फराळ!"