जाळ केवढा हवा?

काळी कढई, तिच्याखाली जेट विमानासारखा घोंगावणारा निळा जाळ आणि हवेत उडून परत कढईत पडणारा भात. ही रील आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी शेवटपर्यंत बघितलेली असते. माझ्या चुलतभावानं ती जरा जास्तच वेळा बघितली आणि तसला बर्नर ओझरच्या घरी, परसात बसवायचं मनावर घेतलं. (विमानं बनतात ते ओझर नाशिकचं. आमचं ओझर जुन्नर तालुक्यातलं, कुकडीकाठचं, विघ्नहराचं.) घरात लगेच दोन पक्ष पडले. पोरं म्हणाली, सगळ्यात मोठा घे. काकू म्हणाली, "चूल घरातून बाहेर घालवायला माझी निम्मी हयात गेली. आता तुम्ही पैसे देऊन जाळ परत परसात आणताय." निवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॅल्क्युलेटर घेऊन बसायची हौस मलाच.

खरं तर गावाला हा बर्नर नवा नाही. हरिनाम सप्ताह असो की लग्न, आचारी आला की पहिली उतरते ती भट्टी. चायनीजच्या गाडीवरचा बर्नर हा तिचाच भाऊबंद. नवा आहे तो सात माणसांच्या घराला तो लागतो का, हा प्रश्न.

घरच्या शेगडीवर केलेलं चायनीज कोबीच्या भाजीसारखं का लागतं, इथून सुरुवात केली. उत्तर सॉसमध्ये नाही, पाण्यात आहे. कोबी आणि ढोबळी मिरची यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कढई तापली की भाजी ते सोडायला लागते. सुटलेलं पाणी लगेच वाफ होऊन गेलं तर भाजी परतली जाते, नाही गेलं तर शिजते. सगळा खेळ एवढाच.

आता आकडे. एक लिटर उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला साधारण ०.६३ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलात असतं तेच. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच किलोवॅटच्या आसपास धरू. त्यातली निम्मी उष्णता कढईत पोचली असं मानलं, तर मिनिटाला ३३ ग्रॅम पाण्याची वाफ होते. म्हणजे दोन मोठे चमचे. तासाला एक किलो गॅस पिणारी भट्टी साधारण साडेबारा किलोवॅटची पडते. त्याच हिशेबानं ती मिनिटाला पाऊणशे नव्हे, दीडशेच्या वर ग्रॅम पाणी उडवते. म्हणजे एक वाटी. दोन चमचे आणि एक वाटी, शेगडी आणि गाडी यांतला फरक हा असा आहे.

कँटोनीज लोक कढईतून येणाऱ्या त्या खमंग, किंचित धुरकट वासाला 'वॉक हे' म्हणतात, कढईचा श्वास. तेलाचे बारीक थेंब जाळात पेटतात, भात क्षणभर हवेत राहतो म्हणून करपत नाही, आणि तो वास पदार्थाला लागतो. हुरडा आणि निखाऱ्यावरचं वांगं खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी आचाऱ्यांची कढई उडवण्याची लय मोजली होती. कढई सेकंदाला जवळजवळ तीनदा मागेपुढे होते. हे काम रोज करणाऱ्यांचे खांदे दुखतात, हाही त्या अभ्यासातला एक धागा होता. रीलमध्ये खांदा दिसत नाही.

जाहिरातींत बर्नरची ताकद बहुतेक वेळा बीटीयूमध्ये लिहितात, कारण आकडा मोठा दिसतो. ३,४१२ ने भागलं की किलोवॅट मिळतात. पण त्याहून मोलाचा प्रश्न असतो गॅसचा. घरच्या लाल टाकीत १४.२ किलो गॅस असतो. शेगडीचा एक मोठा बर्नर त्यावर सत्तर तास चालेल. मोठी भट्टी चौदा तासांत टाकी संपवेल. शिवाय घरगुती रेग्युलेटर ठरलेल्या कमी दाबानंच गॅस सोडतो. भट्टीला जास्त दाबाचा वेगळा रेग्युलेटर आणि तो दाब सोसणारी नळी लागते. घरगुती टाकीला तो जोडायचा नसतो. 'चालतंय की, सगळे लावतात' असं दुकानात कुणी सांगितलं तरी नाही.

टाकीचं आणखी एक गुपित आहे. आत गॅस द्रव असतो आणि त्याला वायू व्हायला उष्णता लागते. ती तो टाकीकडूनच घेतो. छोट्या टाकीतून मोठा जाळ ओढत राहिलं की टाकी गारठते, बाहेरून दव धरते आणि जाळ मलूल होतो. जानेवारीतल्या जुन्नरच्या थंडीत तर लवकरच. म्हणून आचारी १९ किलोच्या टाक्या आणतो, तो हौसेनं नाही.

मग जागा. परसाच्या पलीकडे ऊस आहे. उसाचं वाळलेलं पाचट आणि उघडा जाळ यांच्यात भरपूर अंतर हवं. येडगाव धरणाच्या पाण्यावरून संध्याकाळी वारा सुटतो आणि तो जाळ कढईखालून बाजूला नेतो. त्यामुळे बर्नरभोवती पत्र्याचं कडं लागतं, पण टाकी मात्र कशातही कोंडायची नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खोलगट जागेत साचतो. म्हणून गटाराच्या किंवा खड्ड्याच्या शेजारची जागा बाद.

आणि बिबट्या. जुन्नरमध्ये संध्याकाळी परसात काहीही करायचं म्हटलं की हा विषय निघणारच. उसात त्याला लपायला जागा मिळते आणि तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजा. अंधारात वाकून किंवा उकिडवं बसून काम करू नका, असं इकडे वारंवार सांगितलं जातं, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. बाजारातल्या बहुतेक भट्ट्या जमिनीपासून वीतभर उंच. म्हणजे करणारा बसलेला. आमच्याकडे हा प्रकार तिथेच संपला. बर्नर कमरेइतक्या उंच घोडीवर, घराच्या भिंतीपासून सुरक्षित अंतरावर, वर दिवा, आणि स्वयंपाक उजेड असेपर्यंत. काकूच्या गुडघ्यांनाही हेच मानवणारं होतं.

एवढं झाल्यावरही 'केवढा' हा प्रश्न उरलाच होता. एक पळवाट होती. जाळ मोठा करण्याऐवजी घाणा लहान करायचा. कढईत एकाच माणसापुरता भात आणि मूठभर भाजी टाकली तर घरच्या शेगडीचे दोन चमचेही पुरतात. लोखंडी कढई आधी धूर येईपर्यंत तापवायची, भात सकाळचा गार घ्यायचा, भाजी धुऊन कोरडी करायची. चव चांगली येते. मी म्हटलं, झालं तर, बर्नर नकोच.

काकू म्हणाली, "आणि सात प्लेटा कोण काढणार?"

एका प्लेटीला चार-पाच मिनिटं धरली तर सातवी निघेपर्यंत अर्धा तास. गरम खायचं असेल तर पहिल्याचं जेवून होतं तेव्हा करणारी पाचव्याचा भात परतत असते. हे चित्र कुठल्याही मराठी घराला नवं नाही. भाकरी अशीच होते. तव्यावरून जाळावर, जाळावरून थेट ताटात, फुगलेली, वाफ निघणारी. आपण तिचं कौतुक करतो, आणखी एक मागतो. त्या गरम भाकरीची किंमत म्हणजे थापणारीनं सगळ्यात शेवटी, स्वतःपुरती उरलेली गार भाकरी खाणं. ही किंमत कधी कुणी किलोवॅटमध्ये मोजली नाही. चुलीपुढून गॅसपुढे आल्यावर तिच्या डोळ्यांतला धूर गेला. जेवायचा नंबर शेवटचाच राहिला.

तिथून हिशेब बदलला. बर्नर किती मोठा, याऐवजी करणारा माणूस सगळ्यांबरोबर कसा बसेल, हे विचारायला लागलो. सहा किलोवॅटच्या आसपासचा मध्यम बर्नर एका वेळी दोन-तीन प्लेटा नीट परततो. तीन घाण्यांत, दहा-बारा मिनिटांत काम उरकतं. पहिला घाणा झाकून ठेवला तरी पंगत एकदमच बसू शकते. त्याहून मोठा घेतला तर चार मिनिटं वाचतील, पण इतक्या जाळावर कढई सतत उडवावी लागते आणि ते फक्त चुलतभावालाच झेपेल. त्याहून लहान घेतला तर पुन्हा कुणीतरी मागे राहील.

तोच घेतला. हात सहज पोचेल असा चालू-बंदचा कॉक, जड ओतीव बूड, गोल बुडाची कढई हलणार नाही असं कडं. पाच किलोची व्यावसायिक टाकी आणि तिला योग्य असा रेग्युलेटर. त्या टाकीवर हा बर्नर साधारण दहा तास जळेल. एका जेवणाला पाव तास, म्हणजे चाळीस जेवणं, आणि पाव तासात टाकी फारशी गारठतही नाही. दर वेळी जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, हे काम पोरांचं. नॉनस्टिकचं भांडं त्याच्या जवळपासही न्यायचं नाही, एवढ्या तापात त्याचा थर खराब होतो.

शनिवारी नारायणगावहून ढोबळी मिरची आणि कोबी येतो. चिरतं कुणीही, परततं आलटून पालटून. भावाचा भात थोडा करपतो, काकूचा नाही. तिला भाताच्या चवीचं फार कौतुक नाही, 'मसालेभातापुढे हे काय' असं ती दर वेळी म्हणते. पण भाकरीसुद्धा दोन तवे लावून करता येईल का, असं तिनं मागच्या शनिवारी विचारलं. एक तवा ती बघणार आणि दुसरा आमच्यापैकी कुणीतरी.