'पोरानं काय केलं?' हा प्रश्न मी सोडला

कुत्रा लहान मुलाला चावला असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'पोरानं काय केलं?' दगड मारला असेल, शेपूट ओढली असेल, खाताना मध्ये हात घातला असेल. आमच्या घरात मी लहान असल्यापासून कुत्री आहेत. कुत्रा उगाच चावत नाही यावर माझा विश्वास होता, आजही आहे. पण कारण सापडलं म्हणजे दोष मुलाचा, हे मात्र मी आता मानत नाही.

आमच्या सोसायटीत एक लॅब्रेडॉर आहे, सगळ्यांचा लाडका. तो शेजारच्या चार वर्षांच्या मुलाच्या गालाला चावला, टाके पडले. मीटिंग बोलावली गेली. कुत्रा किती प्रेमळ आहे हे पटवायला मालकांनी मोबाइलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. त्यात तोच मुलगा कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बिलगलाय आणि मोठी माणसं कौतुकानं हसतायत. मी कुत्र्याकडे बघत होते. त्यानं मान पलीकडे वळवली होती, तो पुन्हापुन्हा नाक चाटत होता, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. मग तोंड मिटून तो ताठ झाला आणि हळूच गुरगुरला. पाठोपाठ मालकांचा आवाज, 'ए, गप!' तो गप झाला. व्हिडिओ संपला तसं मागून कुणीतरी म्हणालं, 'पण पोरानं त्या दिवशी काय केलं होतं?'

माझाच प्रश्न होता तो, आणि त्याचं उत्तर नुकतंच सगळ्यांनी पाहिलं होतं. पोरानं मिठी मारली होती, मोठ्यांनी ज्याचं कौतुक केलं तेच पुन्हा केलं होतं. कुत्र्यानंही सांगायचं तेवढं सांगून पाहिलं होतं. गुरगुरणं ही त्याची शेवटची सूचना. त्यावर रागावलं की त्याची नाराजी जात नाही, फक्त सूचना बंद होते. हे सगळं चार वर्षांच्या मुलानं ओळखावं अशी अपेक्षा मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर करत होते?

त्यानंतर एका डॉक्टर मैत्रिणीशी बोलले आणि त्या प्रश्नाची भीतीच वाटायला लागली. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, त्यामुळे चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो, तेव्हा चेहऱ्यावरची जखम सगळ्यात घातक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं, त्यांच्यात सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. आणि मुलं लपवतात. 'तूच काहीतरी केलं असशील' हे ऐकावं लागेल म्हणून पोटरीवरचा ओरखडा पॅन्टखाली झाकतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुणं, त्याच दिवशी लस सुरू करून ती पूर्ण करणं, रक्त आलं असेल तर जखमेत सिरम टोचून घेणं, एवढं झालं तर मूल वाचतं. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे माझा प्रश्न नुसता अन्यायाचा नव्हता, एखाद्या मुलाला दवाखान्यापासून लांब ठेवणारा होता.

काही बाबतीत माझं मत तेच आहे. जातींवर बंदी मला आजही पटत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदी घालण्याचं पत्रक काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. त्या यादीत लॅब्रेडॉर नव्हताच. प्रश्न दोरी कुणाच्या हातात आहे याचा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्या हाताबद्दलच बोलतं: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आमचा काही करत नाही' म्हणत लिफ्टमध्ये मोकळा कुत्रा आणणाऱ्यांना हे ठाऊक असावं असं वाटत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांतली मीही एक. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या नियमांनुसार खाऊ घालायची जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी. आमच्याकडे भांडी घसरगुंडीजवळच असायची. ती मागच्या भिंतीकडे हलवावीत असं मी म्हटल्यापासून दोघी मैत्रिणी माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी कुत्र्यांवर उलटले असं त्यांना वाटतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच्या जागी परत सोडावं, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते. गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांमध्ये जाऊन मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये रेबीज आटोक्यात आल्याचं त्या राज्यानं जाहीर केलं. कुत्रीही राहिली, मुलंही राहिली.

पुढच्या मीटिंगला मी लेखी मागण्या देणार आहे: प्रत्येक पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड सोसायटीच्या ऑफिसात जमा असावं, घराबाहेर दोरी सक्तीची असावी, आणि मूल नि कुत्रा एकत्र असतील तिथे एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असावं. लॅब्रेडॉरच्या मालकांनी खाली सही केली आहे.